इंजिन बदललं, सेल्फ फिरतो, पण गाडी पेटत नाही: एका प्रकरणाची पूर्ण नोंद

पार्श्वभूमी

गाडी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची, वय साधारण अकरा वर्षं. ऑइलचा लाल दिवा लागलेला असताना ती बरीच चालवली गेली. बेअरिंग गेल्या आणि खालून रॉड ठोकायला लागला. क्रँक (पिस्टनांच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) घासून नव्या बेअरिंग टाकायच्या की दुसरं वापरलेलं इंजिन बसवायचं, यात मालकाने दुसरा मार्ग घेतला. त्यात चूक काही नव्हती. चांगलं इंजिन मिळालं तर काम लवकर होतं.

मिळालेलं इंजिन त्याच घराण्यातलं होतं. सीसी तेवढेच, माउंट त्याच जागी, ब्लॉकवरच्या नंबराची सुरुवातही तीच. फक्त ते तीनेक वर्षांनंतरच्या मॉडेलमधलं होतं. बाहेरून बघितलं तर दोन्ही जुळी भावंडं. पहिल्या गॅरेजने इनटेक, इंजेक्टर, कॉइल, अल्टरनेटर असं वरचं सगळं जुन्या इंजिनावरून काढून नव्यावर चढवलं. खालचं जे नव्यासोबत आलं, ते तसंच ठेवलं. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळं प्रकरण इथेच अडकलं होतं.

आमच्याकडे येण्याआधी

इंजिन बसलं, पाणी-ऑइल भरलं, चावी फिरवली. सेल्फ फिरला, पण सावकाश, आणि इंजिनाने पेट घेतला नाही. पुढच्या काही दिवसांत जे झालं त्याला एक तर्क होता. तो चुकीचा निघाला, एवढंच.

प्लग काढून पाहिले तर कोरडे. म्हणजे पेट्रोल येत नाही, म्हणून पेट्रोलचा पंप बदलला. फरक नाही. इनटेकमध्ये स्टार्टर स्प्रे मारला, तरी साधा फटकासुद्धा नाही. म्हणजे ठिणगी नाही, म्हणून कॉइल दुसऱ्या गाडीच्या लावून पाहिल्या. फरक नाही. सेल्फ सावकाश, म्हणून बॅटरी बदलली. त्यानेही फरक नाही. शेवटी स्कॅनर लावला तर पी ०३३६ हा कोड आला. यादीत त्यापुढे ‘क्रँक सेन्सर’ असे शब्द दिसतात, म्हणून क्रँक सेन्सर, म्हणजे क्रँक कुठे आहे हे सांगणारा सेन्सर, बदलला. कोड पुसला, पुन्हा आला. आणखी एक सेन्सर आणला, या वेळी वेगळ्या कंपनीचा. कोड पुन्हा हजर.

त्यानंतर गाडी टो करून आमच्याकडे आली.

पहिला दोष: अर्थिंग

गाडी आली की मी आधी बोनेट उघडत नाही, सेल्फचा आवाज ऐकतो. हा सेल्फ दमल्यासारखा फिरत होता. मीटर लावला तर बॅटरी बसल्या जागी १२.५ व्होल्ट, आणि सेल्फ मारताना ११.३. इथे थांबायला हवं. बॅटरी दमली असती किंवा सेल्फ अडकून जास्त करंट ओढत असता तर सेल्फ मारताना व्होल्टेज चांगलंच खाली आलं असतं, दहाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. इथे बॅटरी निवांत होती आणि सेल्फ उपाशी. म्हणजे मधल्या वाटेत कुठेतरी अडलं होतं.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरं थेट ब्लॉकच्या धातूवर ठेवलं. सेल्फ मारला की १.६ व्होल्ट. तिथे ०.२ च्या वर काही दिसू नये. गाडीखाली जाऊन पाहिलं तर गिअरबॉक्सच्या माउंटजवळ इंजिनाची अर्थची पट्टी (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जाड वायर) एका टोकाला बांधलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी लोंबत होती. इंजिन उतरवताना सोडली आणि परत कसायची राहिली. एवढे दिवस सेल्फचा करंट गिअरच्या केबलमधून आणि मिळेल त्या बारीक वायरमधून वाट काढत होता. केबलचं प्लास्टिक एका जागी मऊ पडलं होतं.

तिथलं ऑइल-माती घासून धातू उघडा केला, पट्टी कसली, पुन्हा मोजलं. ०.१ व्होल्ट. सेल्फ असा फिरला की मालकाचा चेहरा उजळला. गाडी मात्र पेटली नाही.

हा पहिला निर्णयाचा टप्पा. सापडलेला दोष खरा होता, तो काढल्यावर सुधारणाही झाली, आणि अशा वेळी माणसाला वाटतं की आता फक्त थोडं राहिलंय, दहा वेळा सेल्फ मारला की पकडेल. आम्ही तसं केलं नाही. पुढे हात घालण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते, घेतलं. प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून चारही सिलिंडर मोजले: १२, १२, ११.५, १२ बार. टायमिंग बेल्टच्या खुणाही जागेवर होत्या. इंजिन पोटातून धड आहे हे अर्ध्या तासात कळलं. त्यामुळे ‘इंजिनच खराब आलंय’ ही मालकाच्या मनातली भीती आणि ‘परत उतरवून बघू’ ही पहिल्या मिस्त्रींची सूचना, दोन्ही बाजूला पडल्या.

दुसरा दोष: हुकूमच निघत नव्हता

इंजेक्टरच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावला. एका वायरवर १२ व्होल्ट आहेत, पण सेल्फ मारताना दिवा लुकलुकत नाही. कॉइलचंही तेच, सप्लाय आहे, ठिणगी नाही. पेट्रोल नाही आणि ठिणगीही नाही, म्हणजे इंजेक्टर आणि कॉइल दोघं एकदम मेले असं होत नाही. दोघांना हुकूम देणारा एकच, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. तो गप्प होता. प्लग कोरडे का होते याचं उत्तरही हेच. पंप पहिल्या दिवसापासून चालू होता. इंजेक्टर उघडतच नव्हते.

ईसीयू गप्प राहायची कारणं मोजकीच असतात: त्याला सप्लाय किंवा अर्थ नीट मिळत नाही, इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) अडवतोय, किंवा क्रँक नेमका कुठे आहे हे त्याला कळत नाही. सप्लाय आणि अर्थ नुसत्या मीटरने न बघता त्या पिनांवर बल्बचा भार टाकून तपासले, ठीक निघाले. सेन्सरांना जाणारे ५ व्होल्ट बरोबर होते. चावीचा दिवा लागून विझत होता, म्हणजे चावी ओळखली जात होती. तशीही चावी जुनी आणि ईसीयू जुना, इंजिन बदलल्याने त्या दोघांच्या ओळखीत बाधा यायचं कारण नव्हतं.

राहिला क्रँकचा सिग्नल. स्कॅनरवर सेल्फ मारताना आरपीएम पाहिले: १४५. आकडा येतोय, स्थिर आहे, म्हणजे सेन्सर बोलतोय. मी त्या ओळीवर बरोबरची खूण केली आणि पुढे गेलो.

इथे मी चुकलो. त्या एका खुणेमुळे आमचा अर्धा दिवस ईसीयूमागे गेला. वायरिंगची पिन न पिन तपासली. ईसीयू काढून टेबलावर तपासायला पाठवायचा, इथपर्यंत बोलणं आलं होतं.

सेल्फचा आवाज

ईसीयूचा कनेक्टर परत बसवून मी सहज सेल्फ मारला. आमच्याकडे काम शिकणारा मुलगा स्कॅनर धरून उभा होता. तो म्हणाला, “दादा, काल सावकाश फिरत होतं तेव्हा नव्वद होतं. आज एवढं जोरात फिरतंय, तरी एकशे पंचेचाळीसच?”

खरं तर मला ते कानाने कळायला हवं होतं. चांगली बॅटरी, चांगला अर्थ आणि गरम हवा असताना पेट्रोल इंजिन सेल्फवर साधारण दोनशे ते तीनशे आरपीएमने फिरतं. हा आवाज १४५ चा नव्हता. आदल्या दिवशीचा ९० चा आकडाही पटला होता, कारण सेल्फ खरंच सावकाश फिरत होता. पहिल्या दोषाने दुसरा दोष झाकून ठेवला होता.

मग इंजिन खरोखर किती वेगाने फिरतंय हे सेन्सरला न विचारता मोजलं. बॅटरीच्या वायरवर करंट क्लॅम्प (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) लावून स्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिलं की सेल्फ ओढत असलेल्या करंटमध्ये उंचवटे दिसतात. प्रत्येक पिस्टन कॉम्प्रेशनवर येताना सेल्फला जोर लागतो, तेवढा एक उंचवटा. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला असे दोन. आम्हाला एका सेकंदात आठ मिळाले. म्हणजे सेकंदाला चार फेरे, मिनिटाला २४०.

खरे २४०, ईसीयूच्या मते १४५. भागाकार केला तर ०.६. असं स्वच्छ गुणोत्तर आलं की बिघाडाचा संशय सोडून मोजदादीचा घ्यावा. बिघडलेला सेन्सर आकडे उडवतो, कधी शून्य कधी हजार. इथे आकडा शांतपणे, प्रत्येक वेळी तेवढ्याच पटीने कमी येत होता.

पस्तीस

क्रँक सेन्सर एका दात्यांच्या चाकासमोर बसतो. या गाडीत ते दाते फ्लायव्हीलवरच आहेत, म्हणजे क्रँकच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसणाऱ्या जड चाकावर. सेल्फची रिंग वेगळी, ही वेगळी. एक प्रचलित पद्धत ६० उणे २ ची आहे: साठ दात्यांची जागा, त्यातले दोन गायब, म्हणजे ५८ दाते आणि एक मोठी फट. त्या फटीवरून ईसीयू ओळखतो की क्रँक इथे आला. दोन दात्यांत ६ अंश. दुसरी पद्धत ३६ उणे १ ची: ३५ दाते, एक फट, दोन दात्यांत १० अंश. सहाला दहाने भागा, ०.६.

स्कोपवर क्रँकचा सिग्नल घेतला, फट ते फट लाटा मोजल्या. पस्तीस. तरी डोळ्याने बघितल्याशिवाय माझा विश्वास बसेना. सेन्सर काढला, बोटभर रुंदीच्या त्या भोकात टॉर्च मारली, पोराला पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवायला सांगितलं. ग्रीसने काळवंडलेला एक दाता, मग खाच, मग दाता. दर दहा दात्यांना मी खडूने जमिनीवर रेघ मारत होतो. तीन रेघा आणि पाच. मग सपाट, लांब खाच. परत पहिल्यापासून मोजलं. पस्तीस.

पी ०३३६ चा अर्थ आता लागला. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटचाच दोष, सिग्नल येतच नाही अशा वेळी तो सहसा दिसतो. पी ०३३६ म्हणजे सिग्नल येतोय, पण तो अपेक्षेत बसत नाही. जुना ईसीयू प्रत्येक फेऱ्यात ५८ दात्यांची वाट बघत होता आणि पस्तिसाव्यालाच फट येत होती. क्रँकची जागा पटेना, म्हणून त्याने ना इंजेक्टर उघडले ना कॉइलला हुकूम दिला. ईसीयू बरोबर वागत होता.

मग पहिल्या मिस्त्रींना फोन केला. “काका, फ्लायव्हील जुनंच लावलंत ना?”

“नाही रे, इंजिनासोबतच आलं होतं. क्लचसुद्धा चांगला होता त्यातला, मग कशाला हात लावू?”

“जुनं इंजिन आहे अजून?”

“कोपऱ्यात पडलंय. उद्या भंगारवाला येणार आहे.”

“आज नका देऊ.”

पर्याय

चार मार्ग समोर होते.

नव्या इंजिनाच्या मॉडेलचा ईसीयू आणून लावणं. गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, म्हणून मालकाला हा मार्ग सोपा वाटत होता. पण ईसीयूसोबत इमोबिलायझर आणि चावीची जोडणी येते, कनेक्टरच्या पिना जुळतीलच असं नाही, आणि वरचे इंजेक्टर, सेन्सर तर जुनेच होते. एक विसंगती काढून चार आत घ्यायच्या, असा हा सौदा होता.

ईसीयूच्या प्रोग्रॅममध्ये दात्यांची संख्या बदलणं. रेसिंगसाठीच्या स्वतंत्र ईसीयूमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे. कारखान्यातून आलेल्या ईसीयूत ते कोणी खात्रीने करून देईल असं मला वाटलं नाही. उद्या गाडी रस्त्यात बंद पडली तर पुढचा मिस्त्री काय तपासणार?

इंजिन परत करणं. कॉम्प्रेशन चांगलं असलेलं इंजिन का परत करायचं?

जुनं फ्लायव्हील नव्या इंजिनाला लावणं. गिअरबॉक्स उतरवणं आलं, एक दिवसाचं काम. पण गाडीतला प्रत्येक भाग एकमेकांना ओळखणारा राहतो. आम्ही हाच मार्ग घेतला, एका अटीवर: आधी ते बसतं का हे मोजायचं, मग गिअरबॉक्सला हात लावायचा.

प्रत्यक्ष काम

जुनं इंजिन आणून आमच्या गाडीशेजारीच ठेवलं. त्याच्या बेअरिंग गेल्या होत्या तरी क्रँक हाताने फिरत होता, हे नशीब. पहिला सिलिंडर वरच्या टोकाला आणला आणि सेन्सरच्या जागेपासून फटीपर्यंत किती दाते येतात ते लिहून ठेवलं.

फ्लायव्हीलचे बोल्ट तेवढेच असणं पुरेसं नसतं. फट पहिल्या पिस्टनच्या हिशेबाने योग्य कोनातच यायला हवी. बोल्टांची आठ भोकं सारख्या अंतरावर असती तर फ्लायव्हील आठ प्रकारे बसलं असतं आणि त्यातले सात चुकीचे. इथे एक भोक मुद्दाम थोडं सरकवलेलं होतं, म्हणून ते एकाच प्रकारे बसतं. पण नव्या क्रँकवर ते भोक त्याच जागी आहे का? गिअरबॉक्स उतरण्याआधी हे दिसणार नव्हतं. त्यामुळे एवढा एक धोका आम्ही मालकाला सांगून पत्करला. गिअरबॉक्स उतरल्यावर सगळ्यात आधी तेच पाहिलं. भोक त्याच जागी होतं. पहिला सिलिंडर वर आणून जुनं फ्लायव्हील दोन बोल्टांवर टेकवलं, सेन्सरच्या जागेपासून दाते मोजले. लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळले.

बाकीचं भरभर झालं. सेल्फच्या रिंगचे दाते आणि व्यास सारखे, क्लचची मापं सारखी. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग हलका साफ करून घेतला. बोल्ट नवे वापरले, हे बोल्ट ताणले जाणारे असतात आणि पुन्हा वापरू नयेत. कॅम सेन्सरचा (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमचा दांडा कुठे आहे हे सांगणाऱ्या सेन्सरचा) नमुनाही जुन्या-नव्या इंजिनांचा ताडून पाहिला, कारण दात्यांची पद्धत बदलणाऱ्याने कॅमचीही बदलली असू शकते. ती बदललेली नव्हती.

निकाल

पहिल्या सेल्फला स्कॅनरवर २४५ आरपीएम दिसले, दुसऱ्याला इंजिन पेटलं. थोडा वेळ पांढुरका धूर आला, मग स्वच्छ झाला. पाण्यातली हवा काढली, पंखा दोनदा लागू दिला. स्कॅनरवरून फ्लायव्हीलच्या दात्यांचं रीलर्निंग करून घेतलं, म्हणजे ईसीयूला हे दाते नव्याने शिकवले. ज्या गाड्यांत ही सोय असते तिथे ते टाळलं तर पुढे मिसफायरचे (एखादा सिलिंडर पेट घेत नसल्याचे) खोटे कोड येऊ शकतात. साधारण पाचशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा मागवली. कोड नाही, अर्थचा ड्रॉप ०.१, आणि मऊ पडलेली गिअरची केबल तेव्हा बदलून टाकली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या गॅरेजमध्ये दोन्ही इंजिनं एक दिवस शेजारी-शेजारी होती, फ्लायव्हील उघडी. त्या वेळी दाते मोजायला दहा मिनिटं लागली असती. नंतर त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला. पण काकांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. चांगला क्लच लागलेलं फ्लायव्हील कोण कशाला सोडेल? मीही सोडलं नसतं.

माझी स्वतःची चूक जास्त बोचते. मी आरपीएम ‘येतोय का’ एवढंच पाहिलं, ‘बरोबर येतोय का’ हे पाहिलं नाही. आणि काकांना जो फोन तिसऱ्या दिवशी केला, तो गाडी दारात आली त्या तासाला करायला हवा होता: जुन्यातलं काय लावलं, नव्यातलं काय ठेवलं. आता इंजिन बदललेली गाडी आली की आम्ही या दोन रकान्यांचा कागद आधी भरून घेतो, स्कॅनर नंतर लावतो. या गाडीच्या कागदावर दुसऱ्या रकान्यात दोनच शब्द आले असते, फ्लायव्हील आणि क्लच.

हिशेबाच्या वेळी मालकाने विचारलं की आधी बदललेल्या भागांचं काय. मूळ क्रँक सेन्सर काकांनी फेकला नव्हता, तोच आम्ही परत बसवला होता. नंतर आणलेले दोन्ही सेन्सर स्कोपवर तपासून त्यांना पिशवीत घालून दिले. दोन्ही ठणठणीत होते.